राक्षसाचे वजन

गेल्या वर्षीच्या आपल्या वार्षिक अंकात माझी 'डोंगऱ्या' नावाची कथा छापून आली होती. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सह्याद्रीतल्या एका घळीत शेकडो वर्षे झोपलेला चाळीस फूट उंचीचा एक माणूससदृश प्राणी धरणाच्या सुरुंगांनी जागा होतो. तो गावाकडे येतो, लाकडी साकवावरून ओढा ओलांडतो, पाटलांच्या वाड्याच्या छपरावर बसून रात्रभर रडतो आणि पहाटे धुक्यात निघून जातो. कथेत एके ठिकाणी मी मोठ्या थाटात लिहिले होते, की 'चारशे किलोंचा तो अजस्र देह' छपरावर विसावला. हा चारशेचा आकडा मी कोठून काढला, असे कोणी विचारील तर प्रामाणिक उत्तर एवढेच, की लिहिताना तो कानाला भारदस्त वाटला.

मित्रांनी पाठ थोपटली. मराठीच्या सरांनी प्रतिमासृष्टी चांगली साधल्याचे सांगितले. मे महिन्याच्या सुट्टीत अंक घेऊन मी गावी गेलो. माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. म्हणून ओसरीवर बसून त्यांना कथा वाचून दाखवली. आबांची सारी उमेद बैलगाडी हाकण्यात गेली. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकले, सुपारी कातरली आणि विचारले,

"चारशे किलू म्हंजी चार क्विंटल न्हवं?"

"होय आबा."

"आपला सर्जा साडेचार क्विंटल भरायचा. तुझा राकूस आपल्या बैलापरीस हलका, आन् उंचीला चाळीस फूट? वाऱ्यानं उडून कसा न्हाई गेला रं त्यो?"

मी हसण्यावारी नेले. 'आबा, ती गोष्ट आहे,' असे काहीतरी बोललो. परंतु रात्री झोप लागेना. कथेवर टीका झाली याचे दुःख नव्हते. ज्या माणसासाठी कथा लिहावी अशा माणसाला तिच्यातला राक्षस खरा वाटला नाही, ही बोच होती. हा लेखनप्रपंच त्या बोचणीतून झाला आहे. मला असे म्हणावयाचे आहे, की कल्पनेतला प्राणी निर्माण करणाऱ्याने त्याची उंची आणि वजन यांचा हिशेब मांडलाच पाहिजे; आणि आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तर तो आधी मांडला पाहिजे.

प्रथम हिशेब. तो इतका सोपा आहे, की आपल्यापैकी कोणीही दहावीच्या गणितावर तो करू शकेल. साडेपाच फूट उंचीचा, साठ किलो वजनाचा माणूस घेऊ. डोंगऱ्या चाळीस फूट, म्हणजे उंचीने या माणसाच्या सुमारे सव्वासात पट. आता तो नुसताच उंच नाही. तो तेवढाच रुंद आणि तेवढाच जाडही झाला पाहिजे, नाहीतर माणसासारखा दिसणार नाही. तेव्हा सव्वासात गुणिले सव्वासात गुणिले सव्वासात. अपूर्णांक नीट धरले तर उत्तर येते ३८५. साठ किलोंच्या ३८५ पट म्हणजे तेवीस हजार किलो. तेवीस टन! आबांच्या मापात सांगायचे तर सर्जासारखे पन्नास बैल. मी मात्र त्याला एका बैलाचेही वजन दिले नव्हते. एवढ्या आकारात चारशे किलो वजन म्हणजे पाण्याच्या अठ्ठावन्नाव्या हिश्शाइतके जड अंग. इतकी हलकी वस्तू आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ती म्हणजे थर्माकोल. मी राक्षस म्हणून जे लिहिले ते गणपतीपुढचे मखर होते, आणि त्या मखरावर तर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

येथे एक ताळा सांगून ठेवतो. जमिनीवरच्या बहुतेक प्राण्यांचे अंग जवळजवळ पाण्याइतकेच जड असते. म्हणूनच आपण विहिरीत पडलो तर जेमतेम तरंगतो, जेमतेम बुडतो. तेव्हा आपल्या मनातल्या प्राण्याची मातीची लहानशी मूर्ती करावी, ती काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवावी, सांडलेले पाणी मोजावे आणि मूर्तीपेक्षा खरा प्राणी जितके पट उंच, त्या पटीचा घन करून गुणावे. माझे हे सांगणे कोणाला पोरखेळ वाटेल. पण एडविन कोल्बर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये डायनोसॉरांची वजने याच तऱ्हेने काढली होती. त्याने फक्त पाण्याऐवजी वाळू वापरली. नावेत हत्ती चढवून त्याचे वजन करण्याची जी गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, तीही याच जातीची.

परंतु वजन कळले म्हणजे काम संपत नाही, खरे तर तेथे ते सुरू होते. कारण हे वजन पेलायचे कोणी? पायांनी. आणि पायाच्या हाडाची ताकद त्याच्या लांबीवर नसते. ते आडवे कापले तर जेवढे तोंड दिसेल त्या क्षेत्रफळावर असते. डोंगऱ्याचे वजन ३८५ पटींनी वाढले, पण हाडाचे तोंड फक्त ५३ पटींनी. म्हणजे त्याच्या मांडीच्या हाडातल्या प्रत्येक चौरस इंचावर आपल्यापेक्षा सातपटीहून अधिक भार आला. ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात सांगून ठेवली आहे. त्याने दोन हाडांचे चित्रच दिले आहे: एक नेहमीचे आणि दुसरे त्याच्या तिप्पट लांबीच्या प्राण्याला पेलेल असे. ते दुसरे हाड इतके बोजड आहे, की पहिल्याचे भावंड वाटत नाही. त्याच ठिकाणी तो असेही सांगतो, की लहान कुत्रा आपल्याएवढे दोन-तीन कुत्रे पाठीवर वाहून नेऊ शकेल, पण घोड्याला आपल्याएवढा एकही घोडा झेपणार नाही. मोठे होणे म्हणजे बळकट होणे, असे आपण समजतो. निसर्गात मोठे होणे म्हणजे स्वतःच्याच ओझ्याखाली येणे.

या विषयावर इंग्रजीत एक अप्रतिम छोटा निबंध आहे. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी तो १९२६ मध्ये लिहिला. बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'च्या लहानपणी पाहिलेल्या एका सचित्र प्रतीतले साठ फुटी राक्षस घेऊन त्यांनी हिशेब केला आणि दाखवून दिले, की पहिलेच पाऊल टाकताना त्यांच्या मांड्यांची हाडे मोडली असती. माणसाच्या दसपट उंची, हजारपट वजन आणि हाडाचे तोंड शंभरपट. म्हणजे भार दहापट. माणसाच्या मांडीचे हाड साधारण तेवढ्या भाराला मोडते. हे हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आणि योग असा, की त्याच संस्थेच्या संशोधकांनी पुढे गोदावरीच्या खोऱ्यात मिळालेल्या एका प्रचंड डायनोसॉरचे नामकरण केले. १९७५ मध्ये त्यांनी त्याला नाव दिले 'बारापासॉरस टागोरी'. 'बारा पा' म्हणजे मोठा पाय. त्याच्या मांडीचे हाड पुरुषभर उंचीचे होते. नावातले टागोर रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात झालेल्या उत्खननामुळे आले. शास्त्रज्ञांनी प्राण्याला नाव द्यायचे ठरवले तेव्हा एका कवीची आठवण ठेवली आणि दुसरी आठवण ठेवली ती पायाची. आपल्या डोंगऱ्याचे पाय मी कथेत 'ताडासारखे' लिहिले होते. हिशेबाने ते माणसाच्या प्रमाणापेक्षा आणखी पावणेतीन पट जाड हवेत, म्हणजे ताडाऐवजी वडाचा बुंधा. आणि त्यामुळे वजन पुन्हा वाढणार, ते वेगळेच!

येथे एक शंका येईल: तेवीस टनांचा प्राणी जमिनीवर चालू तरी शकतो का? चालू शकतो. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे जीवाश्म सापडले आणि ज्याला तिच्याच नावाने ओळखतात, त्या प्राचीन हत्तीचे वजन काही अभ्यासक वीस टनांच्या आसपास धरतात. अर्थात हा अंदाज थोड्याच हाडांवरून बांधलेला आहे. पण तो चार खांबांवर उभा होता. आणि हत्ती पोक्त झाला, की उडी मारत नाही, त्याचे चारही पाय एकदम जमीन सोडत नाहीत. माझा डोंगऱ्या दोन पायांवर होता आणि ओढा ओलांडून 'टुणकन' छपरावर चढला होता. हा 'टुणकन' शब्द आठवला की मला आता लाज वाटते.

लहान प्राण्यांकडे वळलो तर हिशेब उलटा होतो आणि अधिकच गमतीचा होतो. महाभारताच्या आदिपर्वात अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी येतात. पुराणे त्यांची संख्या साठ हजार सांगतात. गरुड ज्या फांदीवर बसला ती मोडली, तेव्हा तिला हे ऋषी खाली डोके वर पाय असे लोंबकळत होते; म्हणून गरुडाने फांदी चोचीत धरून ठेवली. साठ हजार म्हटले की छाती दडपते. पण अंगठा साडेपाच सेंटिमीटर धरला तर ऋषींची उंची माणसाच्या तिसावा हिस्सा आणि वजन सत्तावीस हजारावा हिस्सा. उपासाने रोडावलेला माणूस पंचेचाळीस किलोंचा धरा. एका ऋषीचे वजन आले सुमारे पावणेदोन ग्रॅम, आणि साठ हजार ऋषींचे मिळून एक क्विंटल! एक पोते! आंब्याची बरी फांदी तेवढे सहज पेलते.

त्याच पर्वातली दुसरी कथा अशी. हे ऋषी सारे मिळून पळसाची एकच काडी वाहून नेत होते आणि गाईच्या खुराच्या ठशात साठलेल्या पाण्यात ते अडकले. ते पाहून इंद्र हसला. आपला हिशेब म्हणतो, की काडी जड वाटायला नको होती. लहान प्राणी आपल्या वजनाच्या मानाने फार बळकट असतो, मुंगी पाहा. पण कवीने कारण दिले आहे: निराहार राहून त्यांच्या अंगावर मांस उरले नव्हते. आणि पाण्याचे तर त्याने अचूकच सांगितले. आपण आंघोळ करून निघालो तर अंगावर फार तर अर्धा किलो पाणी राहते. उंदीर भिजला तर स्वतःच्या वजनाइतके पाणी वाहतो आणि माशी भिजली तर तिची सुटका नाही. दोन ग्रॅमच्या माणसाला खुराच्या ठशातले पाणी हा समुद्रच.

त्याहून मोठी गोष्ट उपासाची. लहान अंग लवकर निवते, म्हणून त्याला सतत सरपण लागते. एट्रुस्कन नावाची चिचुंद्री साधारण याच वजनाची, दोन ग्रॅमच्या आतबाहेर. ती रोज स्वतःच्या वजनाहून अधिक खाते. काही तास उपाशी राहिली तर मरते. तेव्हा वालखिल्यांचा एक दिवसाचा उपास म्हणजे आपला महिन्याचा! इंद्र हसला हे त्याचे अज्ञान होते, असे मला हा हिशेब केल्यावर वाटले. कवीला तो हिशेब माहीत होता असा दावा मी करणार नाही. पण हिशेब केल्यामुळे त्यांच्या तपाबद्दलचा माझा आदर वाढला, कमी झाला नाही. गणिताने काव्य मरते असे म्हणणाऱ्यांनी हा अनुभव घेऊन पाहावा.

पंखांविषयी थोडक्यात. सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केले गेले, तो माळढोक हा जगातल्या सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. त्याचे वजन फार तर पंधरा किलोंपर्यंत जाते. आणि आपण पंचेचाळीस किलोंच्या परीला खांद्यामागे हातभर पंख लावून ढगात पाठवतो. तिला उडायचे तर पंखांचा विस्तार दोन खोल्यांना पुरेल एवढा हवा आणि ते हलवणारे स्नायू बसवायला छाती पिंपासारखी पुढे यायला हवी. अशी परी सुंदर दिसेल का? कदाचित दिसेल, गरुड सुंदरच दिसतो. पण ती आपल्या शुभेच्छापत्रांवरची परी राहणार नाही.

आता प्रतिपक्ष. ही चर्चा निघाली तेव्हा आमच्या एका प्राध्यापकांनी मला बजावले, "कल्पनेला तराजू लावू नका. व्यासांनी तराजू लावला असता तर घटोत्कच झाला नसता." सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणतो, की व्यासांच्या हातात तराजू होताच. घटोत्कच मरतो कसा ते आठवा. कर्णाची शक्ती छातीत घुसते तेव्हा तो मरता मरता देह वाढवतो आणि कौरवांच्या सैन्यावर कोसळतो. त्या पडण्याखाली एक अक्षौहिणी चिरडली जाते. येथे वजन हेच त्याचे शेवटचे शस्त्र आहे. वनपर्वात वाटेत पसरलेले वृद्ध हनुमंताचे शेपूट भीमाला दोन्ही हातांनी उचलत नाही. सुंदरकांडात हनुमान उड्डाणासाठी पाय रोवतो तेव्हा महेंद्र पर्वत दबतो आणि त्यातून पाण्याचे झरे फुटतात. या साऱ्या प्रसंगांत देह जमिनीला लागतो. जमीन उत्तर देते.

मग शिबी राजाच्या तराजूतला कपोत? तो तर मांस घालावे तसा जड होत जातो. आणि कृष्णाच्या तुलेत सोन्याच्या राशी हरतात नि तुळशीचे एक पान जिंकते, त्याचे काय? उत्तर असे, की तेथे नियम जाणूनबुजून मोडला आहे आणि मोडला हे श्रोत्यालाही कळते. पान सोन्यापेक्षा हलके असते हे ज्याला ठाऊक नाही त्याला ती कथा कळणारच नाही. बकासुराचा गाडाभर भात भीम एकटा बसून संपवतो, तेव्हा कीर्तनात सारे हसतात. का हसतात? गाड्यात किती मावते आणि पोटात किती मावते याचा अंदाज प्रत्येकाला असतो म्हणून. अतिशयोक्तीलाही माप लागते. ज्याला खरे माप माहीत नाही त्याची अतिशयोक्ती होत नाही, चूक होते. माझे चारशे किलो ही अशी चूक होती.

आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हिशेब चुकूनही कलाकृती मोठी होऊ शकते. १९५४ च्या जपानी चित्रपटातला गोजिरा, ज्याला जग गॉडझिला म्हणते, तो पन्नास मीटर उंच आणि वीस हजार टन वजनाचा सांगितला जातो. माणसाच्या प्रमाणात हिशेब केला तर सतराशे टनही भरत नाहीत. अंग बेढब, शेपूट जाड, म्हणून तिप्पट धरले तरी पाच हजार. वीस हजार म्हणजे त्याचे मांस सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापेक्षा जड झाले! तरीही तो चित्रपट अंगावर येतो. कारण त्यामागे हिरोशिमा-नागासाकीचा जाळ आहे आणि त्याच वर्षी अणुस्फोटाच्या राखेत सापडलेल्या जपानी मच्छीमारांची ताजी जखम आहे. पण हेही पाहा: रबरी पोशाखातला नट पन्नास मीटरांचा भासावा म्हणून त्या मंडळींनी कॅमेरा जलद चालवून चित्रण केले, म्हणजे पडद्यावर त्याची हालचाल संथ होते. मोठे अंग सावकाश हलते, मोठी वस्तू सावकाश पडल्यासारखी दिसते, हे त्यांना पक्के माहीत होते. जाहिरातीतला आकडा चुकला, पण पावलाचे वजन त्यांनी चुकू दिले नाही.

आपल्याकडे मराठीतही ही शिस्त नवी नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली, तेथून त्यांचा विज्ञानकथेचा प्रवास सुरू झाला. २०२५ मध्ये ते गेले. त्यांनी घालून दिलेला धडा असा, की विज्ञानकथेत कल्पनेला मोकळीक असावी पण विज्ञान पोकळ असू नये. आपण मात्र तो धडा विज्ञान शाखेच्या मुलांसाठी आहे असे समजून बाजूला ठेवला. 'मला गणित येत नाही' हे वाक्य आपल्या कट्ट्यावर किती अभिमानाने बोलले जाते! शब्दांवर प्रेम करणाऱ्याने संख्येची हेटाळणी केलीच पाहिजे असा जणू नियम आहे. मीही तो पाळत होतो.

पण आबांना गणित कोणी शिकवले? ते दुसरीपर्यंत शिकलेले. हे मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी जे सांगितले ते घरात पूर्वी कोणी मला सांगितले नव्हते. कारखान्यावर ऊस घालण्याचे दिवस होते. सर्जाचा जोडीदार राजा. शेवटच्या खेपेला फडात थोडाच ऊस राहिला होता. त्या चार-पाच मोळ्यांसाठी पुन्हा कोठे यायचे, म्हणून आबांनी त्या याच गाडीवर चढवल्या. ओढ्याच्या चढाला गाडी मागे सरली, राजाने पुढचा पाय रोवला आणि तो पाय मोडला. "आवाज काटकीवानी आला," आबा म्हणाले. "मोठा आवाज येईल आसं वाटतं मानसाला. न्हाई येत." मग बराच वेळ ते बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "वजन कागदावर नसतं बाबा. कुनाच्या तरी पायावर आसतं."

गॅलिलिओचे हाड, हॉल्डेनचे राक्षस, हे सारे मी नंतर वाचले. पण तो नियम मला कळला तो या वाक्यात. आपण 'अजस्र', 'अवाढव्य', 'महाकाय' असे शब्द कागदावर सहज फेकतो. ते फुकट मिळतात. ज्यांनी आयुष्यात पोते उचलले नाही त्यांना वजन हे विशेषण वाटते. ज्यांनी उचलले त्यांना ते क्रियापद वाटते. आणि आपल्या कथा वाचणाऱ्यांत, निदान ऐकणाऱ्यांत, उचलणारेच अधिक आहेत. त्यांना चारशे किलोंचा चाळीस फुटी राक्षस देणे म्हणजे त्यांच्या अनुभवाचा अपमान करणे होय. हे माझे मत कोणाला कडक वाटेल, पण मी त्यावर ठाम आहे.

हिशेबाने कथेचे नुकसान होईल ही भीतीही मला आता खोटी वाटते. एका उदाहरणाने ते सांगतो. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये एक ठोकताळा मांडला, की प्राण्याचे वजन वाढते त्या मानाने त्याची भूक वाढत नाही, थोडी मागे राहते. वजनाचा पाऊण घात धरावा. लिलिपुटच्या गणित्यांना तो ठाऊक नव्हता. १७२६ च्या त्या पुस्तकात ते गलिव्हरची उंची आपल्या बारापट धरतात आणि बाराचा घन करून त्याला सतराशेहून अधिक लिलिपुटींचे जेवण मंजूर करतात. क्लायबरच्या हिशेबाने २६८ ताटे पुरली असती. बिचाऱ्यांचे कोठार उगाच रिकामे झाले! हाच ठोकताळा मी डोंगऱ्याला लावला. उत्तर आले ८७. म्हणजे त्याला रोज सत्त्याऐंशी माणसांचे जेवण लागणार. आणि मी त्याला शेकडो वर्षांच्या झोपेतून उठवून एक भाकरीसुद्धा दिली नव्हती.

या ८७ च्या आकड्याने मला नवी कथा दिली. तीनशे वस्तीचे गाव. पहिल्या रात्री दयेने पंगत वाढली जाते. दुसऱ्या दिवशी हौसेने. चौथ्या दिवशी कणगीचा तळ दिसू लागतो आणि चावडीवर बोलणी सुरू होतात. कोणी म्हणतो, धरणवाल्यांनी उठवला त्यांनी पोसावा. कोणी म्हणतो, हाकलून द्या. तेवीस टनांचा तो जीव साकवावर पाय ठेवू शकत नाही, कारण साकव मोडेल. वाड्याला टेकू शकत नाही, कारण भिंत बसेल. तो माणसांजवळ येऊ पाहतो आणि येऊ शकत नाही. पहिल्या कथेत तो का रडतो याचे कारण मला देता आले नव्हते. मी धुक्यावर वेळ मारून नेली होती. ते कारण मला त्याच्या वजनात सापडले.

माझ्या मित्रांना आणि मैत्रिणींना माझी सूचना अशी आहे. पुढच्या अंकासाठी ज्यांना भूत, यक्ष, परग्रहवासी किंवा राक्षस लिहायचा असेल त्यांनी आधी एका वहीच्या पानावर पाच गोष्टी मांडाव्यात: त्याचा जवळचा खरा नातलग कोण, तो त्याच्या किती पट, वजन किती, पाय किती जाड, आणि तो खातो काय व किती. मग हवे तर ते पान फाडून टाकावे. भुताला वजन नसते, असे ठरवायचे असेल तर तसे ठरवावे. पण ठरवून ठरवावे. गुणाकार जमत नसेल तर विज्ञान शाखेतल्या मित्राला चहा पाजावा. माझा गुणाकार मी असाच तपासून घेतला, आणि त्या निमित्ताने त्या मित्राने आयुष्यात पहिल्यांदा एक मराठी कथा शेवटपर्यंत वाचली.

नवी कथा संपादक मंडळाकडे दिली आहे. छापायची की नाही ते त्यांनी ठरवावे. आबांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असली तरी बारीक अक्षर त्यांना अजून लागत नाही. म्हणून दिवाळीत मीच ती वाचून दाखवणार आहे. साकवापाशी डोंगऱ्या पाय उचलतो आणि पुन्हा मागे घेतो, त्या ओळीला ते काही विचारतात का, एवढेच मला पाहायचे आहे.

(द्वितीय वर्ष, कला)